खाणीच्या तोंडाशी उभी असलेली बाई

संजूदादा,

त्या पिक्चरचा दुसरा भाग येऊन राहिलाय. इथं आमच्या कंपनीच्या फाटकासमोर भलं मोठं पोस्टर लावलंय. अक्षरं तमिळ, त्यातलं मला एक वाचता येत नाही, पण जमिनीतून वर आलेला तो हात मी लांबूनच ओळखला. बोटांच्या फटींतून माती सांडतेय, तोच. बाकीच्या पोरी पुढं गेल्या आणि मी तिथंच उभी राहिले. पहिला विचार काय आला सांगू? दादाला फोटो पाठवावा. मोबाइल काढला, फोटो घेतला, तुझं नाव शोधलंसुद्धा. मग हात थांबला.

तुझं तेरावं करून मी परत आलेय. मशीन पुन्हा सुरू आहे. सदऱ्यांच्या कॉलरी एकामागून एक येतात, मी शिवून पुढं सरकवते. दिवस जातो.

पण हे लिहायला बसले ते पोस्टरमुळं नाही. मला लताला उत्तर द्यायचंय. उत्तमची बायको लता. ज्याला तू विहिरीतून वर पाठवलंस, त्या उत्तमची. मी निघायच्या दिवशी तिनं मला एक गोष्ट सांगितली. गावात ती अजून कोणालाच माहीत नाही. सांगावी की झाकून ठेवावी, एवढंच तिला माझ्याकडून हवंय. रोज फोन करते, "ताई, तुमी काय म्हनता?" मी काहीच म्हणत नाही. पोरी हाका मारतात, जेवायची वेळ झाली, काहीबाही सांगून ठेवून देते. तुला विचारल्याशिवाय मी कधी काय ठरवलंय? म्हणून तुलाच विचारते.

मी आठवीनंतर घरी बसले. आईनं अंथरूण धरलं आणि चूल, गुरं, पाणी माझ्याकडं आलं. त्यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण तेव्हापासून मला कोणी काही विचारेनासं झालं. भाकरी झाली का, पाणी भरलं का, बस. तू एकटा विचारायचास. मोबाइलवर आपण दोघं पिक्चर बघायचो, संपला की मी म्हणायचे, चांगला होता. तू मोबाइल हातातून काढून घ्यायचास.

"चांगला म्हंजे? गूळ बी चांगला असतोय. काय चांगलं ते सांग. आन काय न्हाई पटलं ते बी सांग, तवर भाकर न्हाई."

"भाकर मीच करून राहिले ना, दादा."

"मग तर सांगच."

सुरुवातीला मला घाम फुटायचा. मग बोलायला लागले, मग भांडायला लागले. आज या परक्या मुलखात एखादी कॉलर वाकडी आली, की कापड कापतानाच वाकडं आलंय, माझी चूक नाही, असं मी मोडक्या हिंदीत का होईना, तोंडावर सांगते. ती जीभ तुझी. आई मला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हती, तेव्हा "तिला समज हाय, जाऊ दे," एवढंच तू म्हणालास. मला समज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तुझा धंदा विहिरीत उतरायचा. कोणाची मोटर बसली, पाइप निसटला, की संजूला बोलवा. आणि माझा जीव पहिल्यापासून घाबरट. म्हणून तू नियम घालून दिला होतास: उतरण्याआधी मला काही कळवायचं नाही, वर आल्यावर एक मिस कॉल. एक घंटी आणि बंद. कामावर आमचे मोबाइल लॉकरमध्ये असतात. सुट्टी झाली की मी लॉकर उघडायचे, आधी तुझा मिस कॉल बघायचे आणि मग चपला घालायचे. मिस कॉल नाही, म्हणजे आज विहिरीचं काम नव्हतं. असं आपलं ठरलेलं होतं. त्या नियमानं मला इथं जगवलं, दादा. त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही. बोलायचं असतं हे कुठं माहीत होतं.

मागच्या दिवाळीत सुट्टीवर आले तेव्हा तू आणि नबीभाईनं मला हिंगोलीला नेलं, टॉकीजला. नबीभाई तुझा दोर धरणारा. तू खाली, तो काठावर, मधे दोर. तुमची जोडी तशीच होती, जमिनीवर चालतानाही. पिक्चर होता त्या जमिनीत पोहणाऱ्या माणसाचा. दम धरायचा आणि माशानं पाण्यात शिरावं तसं मातीत शिरायचं. गोरे लोक, हिंदीत बोलणारे. टॉकीज खच्चून भरलेली. शिट्ट्या, पोरांचा कालवा.

मग ती खाण कोसळली. खाली गॅस सुटला, माणसं अडकली, आणि आपला हीरो पळत येऊन सरळ खाणीत शिरला. सगळी टॉकीज गप्प. तेवढ्यात तू खुर्चीतून अर्धा उठलास आणि ओरडलास, "आरं, कंदील सोड की आधी!"

मागून कोणीतरी म्हणालं, "ए भाऊ, बस खाली. त्याला मराठी समजत न्हाई."

नबीभाई हसता हसता खोकायला लागला. मी पदरात तोंड लपवलं. पण तू हसत नव्हतास. बंद पडलेल्या विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडायचा. तळापर्यंत जळत राहिला तर खालची हवा बरी. विझला तर कोणीही उतरायचं नाही. आपल्याकडं हे जाणत्यांना माहीत असतं आणि घाईत बरेच जण विसरतात. रॉकेल आता कुठं मिळत नाही, तरी तू कुठून कुठून अर्धी बाटली पैदा करायचास. कंदील गाडीला बांधायचं काम नबीभाईचं, सोडायचं तुझं.

परत येताना एसटीत आपलं जे जुंपलं, ते आठवतंय ना? तू म्हणालास, पहिला अर्धा तास एक नंबर. पोरगा पहिल्यांदा मातीत जातो आणि घाबरून परत येतो, कानात, नाकात माती, आई त्याचे कान धुते, ते बराबर. जमिनीखाली गेल्यावर सगळा आवाज बंद होतो आणि फक्त त्याच्या छातीचे ठोके ऐकू येतात, ते तर फारच बराबर, कारण विहिरीत तसंच होतं. "आतल्या आत आपलाच आवाज येतोय, सुने. ज्यानं हे केलं तो मानूस कदी तरी खाली उतरला असंल." वाईट काय, तर शेवट. अख्खं शहर पाडलं, इमारतीवर इमारत, आणि एका माणसाला खरचटलं नाही. "एवढ्या पडल्या, मंग खालची मानसं काय जेवाया गेलती?" आणि डोळ्यांत पाणी आलं रे आलं की कोणीतरी विनोद करतंय, ते तुला अजिबात आवडलं नाही. ज्यांना त्यानं खाणीतून काढलं ती माणसं घोंगड्या पांघरून एकदा दिसतात आणि मग पिक्चर त्यांना विसरूनच जातो, हे मी सांगितलं. तू मान डोलावलीस. "हे आपल्या ध्यानात आलं न्हाई. बराबर हाय." तेवढ्यानं मला अख्खा सेनगाव तालुका जिंकल्यासारखं वाटलं.

मग आली कंदिलाची गोष्ट. मी म्हणाले, "विचार करत बसला तर हीरो कसला? माणसं मरून राहिली खाली."

तू म्हणालास, "आपल्याला सांग, खाली काय हाय ते त्याला ठाऊक हाय का? न्हाई. ठाऊक नसताना उतरायला काय लागतंय? बैल बी उतरंल. आन वर दोर कोन धरून हाय? कोन्नी न्हाई. आमच्या नबीचं काय काम मग?"

"नबीभाईचा पिक्चर कोण बघंल?"

"मी बघंन," नबीभाई मागच्या सीटवरून म्हणाला. "तिकीट काढून बघंन."

मी हट्टानं विचारलं, "आन ठाऊक असून उतरला तर? कंदील विझलेला बघून?"

तू खिडकीची काच वर सरकवलीस. मग म्हणालास, "तर त्याच्या घरच्यांनी त्याला चपलेनं हाणावं."

पुढच्या सीटवर हळद विकून परतलेले एक म्हातारे बाबा बसले होते. ते वळून म्हणाले, "शेवटी मेला का तो?"

"न्हाई बाबा. तसले मरत न्हाईत."

"मंग काहून एवढं भांडून राहिले?"

सगळी एसटी हसली. पण खरं भांडण पुढंच होतं, आणि ते आजपर्यंत मिटलेलं नाही.

तुला सगळ्यात आवडलेली जागा ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. खाणीच्या तोंडाशी एक बाई उभी असते. तिचा नवरा खाली. हीरो आत शिरताना क्षणभर थांबून तिच्याकडं बघतो. ती डोक्याचा रुमाल तोंडावर धरून त्याच्याकडं बघत राहते, बोलत काहीच नाही. तेवढ्यात पिक्चर पुढं सरकतो. तू म्हणालास, सगळ्या पिक्चरमध्ये ती एक बाई खरी.

मी म्हणाले, "खरी कशी? एक माणूस मरायला चाललाय आणि ही मुकी? नको जाऊ, एवढं तरी म्हणावं की न्हाई?"

"कशी म्हनंल? तिचा मानूस खाली हाय. जा म्हनली तर ह्याचा जीव, नको म्हनली तर त्याचा. ती काय बोलंल? तिच्याकडं बोलायला काय हाय?"

"तोंड हाय की."

"सुने, तू कवा विहिरीच्या काठावर उभी राहिलीस का, घरचं मानूस खाली असताना?"

"म्हणून काय झालं?"

"मंग गप."

सगळ्या आयुष्यात तू मला एकदाच गप म्हणालास. मी फाट्यापर्यंत बोलले नाही. पुसेगावला उतरल्यावर तू भजी घेतलीस, कागद माझ्यापुढं धरलास आणि म्हणालास, "बोल आता. चुकलं माझं. पर ती बाई खरीच हाय." पुढं फोनवरही मी मुद्दाम तिचा विषय काढायचे. तू हसायचास, "आली का तुही बाई पुन्यांदा."

आता तो दिवस.

नबीभाई जळालेल्या मोटरीचं वाइंडिंग नव्यानं भरून आणायला हिंगोलीला गेला होता. तू एकटाच मोटारसायकलवर साखरा गावाहून निघालेला. उत्तम त्याच्या जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरला होता. कित्येक वर्षं बंद पडलेली विहीर, तळाशी पाला कुजलेला. तो खाली गेला आणि त्याचा आवाज बंद झाला. लता रस्त्यावर येऊन ओरडत होती. तू गाडी थांबवलीस. खाली गेलास, उत्तमच्या काखेतून दोर घातलास, गाठ मारलीस, दोर हलवलास. तोवर शेतातल्या बाया धावत आल्या होत्या, त्यांनी आणि लतानं त्याला ओढून वर काढलं. मग दोर पुन्हा खाली सोडला. तो तसाच सैल राहिला.

संध्याकाळी मी लॉकर उघडला. मिस कॉल नव्हता. मी निवांतपणे चपला घातल्या, दादा. हॉस्टेलवर गेले, कपडे धुतले, एका पोरीशी हसले सुद्धा. त्यानंतर फोन आला.

मी पोहोचले तेव्हा राख झाली होती. तोंड बघायला मिळालं नाही, हे कोणाजवळ बोलायची सोय नाही, कारण आईनं बघितलंय आणि तिची अवस्था बघवत नाही. फाट्यावर पोरांनी तुझं बॅनर लावलंय. तुझ्या मानेखाली त्या पिक्चरमधल्या हीरोचं अंग जोडलंय, मातीच्या रंगाचा तंग पोशाख, मूठ आभाळाकडं. चेहरा मामाच्या लग्नातला, गॉगल लावलेला. तू बघितलं असतंस तर म्हणाला असतास, कापड कमी पडलं का रे पोरांनो. मला हसू आलं, मग बॅनरकडं बघवेना. पोरांचा दोष नाही. त्यांनी प्रेमानंच केलंय.

गावात सगळे एकच बोलतात. संजू एवढा जाणता, पण घाईत कंदील न सोडता उतरला. काहीजण पुढं म्हणतात, कंदील जवळच नव्हता. आणि हे ऐकून नबीभाई दिवसेंदिवस आटत चाललाय. तो माझ्यासमोर येऊन बसला, डोळे वर करेना. "बहन, गाडीला कंदील बांधायचं काम माझं. मी बांधला व्हता असं वाटतंय. पर गाडीवर न्हाई, विहिरीवर न्हाई, घरी न्हाई. म्हंजे मी विसरलोच असंन. कंदील असता तर संजू उतरला नसता. बिनाकंदिलाचा तो कवाच उतरत नव्हता." त्यानं धंदा बंद केलाय. दोर घराच्या आढ्याला टांगून ठेवलाय, त्याला हात लावत नाही.

मी निघायच्या दिवशी लता आली. लेकरू कडेवर, पदर तोंडावर. मला गोठ्याकडं घेऊन गेली आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"ताई, कंदील व्हता."

मला कळलंच नाही.

"दादानं सोडला व्हता. अर्ध्यात जाऊनच विझला. मी बघितलं. त्यांनी वर ओढला, कडंला ठेवला आन माझ्याकडं बघितलं. मी काईच बोलले न्हाई, ताई. उतरू नका म्हनायला पाहिजे व्हतं. माझं तोंडच उघडलं न्हाई. मंग ते उतरले." तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "मागून मला भ्या वाटलं. लोक म्हनतील, विझलेला बघून बी हिनं जाऊ दिलं. म्हून त्या गोंधळात मी कंदील उचलला आन घरी आनून वैरणीत लपवला. तिथंच हाय. नबीभाई स्वतःला खाऊन राहिलेत, मला दिसून राहिलंय. सांगू का, ताई? सांगितलं तर मला गावात राहू देतील का?"

मी तिला काय म्हणाले माहीत आहे? गाडीची वेळ झाली, म्हणाले.

रेल्वेत बसल्यावर राग आला. आधी तिचा. एक शब्द, लता. दोन अक्षरं. नको. तेवढी म्हणाली असतीस तर कदाचित माझा भाऊ थांबला असता, नबीभाई परत येईपर्यंत, कोणी मदत आणेपर्यंत. मग लक्षात आलं, तोपर्यंत उत्तम गेला असता, आणि ते लेकरू बिनबापाचं झालं असतं. मग तुझा राग आला, आणि तो अजून आहे. तुला ठाऊक होतं. सगळ्या शिवारात तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बैल बी उतरंल म्हणालास. बैलाला दिसत नाही, तुला दिसत होतं. आईचा विचार आला का? एका लॉकरचा आला का? मी देवाला मानते की नाही मला आता सांगता येत नाही, पण विझलेला कंदील कडेला ठेवताना तुझ्या मनात काय होतं, एवढं एक मला कोणी सांगावं. कोणी सांगणार नाही.

इथवर लिहून दोन दिवस वही मिटून ठेवली होती. काल जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाइल घेऊन फाटकाबाहेर गेले. पोस्टरसमोर उभी राहिले. दुसऱ्या भागात तो पुन्हा कुठंतरी शिरणार, पुन्हा वर येणार. तसले मरत नाहीत. आणि बघता बघता मला ती बाई आठवली. रुमाल तोंडावर धरलेली. लतानं पदर तसाच धरला होता.

दादा, मग माझ्या ध्यानात आलं की मी तुला जे विचारत बसलेय त्याचं उत्तर तू एसटीतच देऊन ठेवलंयस. तू लताकडं बघितलंस तेव्हा तुला तिच्याकडून ना जा पाहिजे होतं, ना नको. तिच्याकडं बोलायला काही नाही, हे तुला आधीपासून माहीत होतं. मी तेव्हा काठावर उभी राहिले नव्हते. आता राहिलेय. ती बाई खरी होती. या एका मुद्द्यावर मी हरले. मला हरताना बघायला तू पाहिजे होतास.

मी तिथूनच लताला फोन लावला. पोस्टरखाली उभी राहून तिला सगळा पिक्चर सांगितला. तिला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

"ताई, पिक्चरचं काय घेऊन बसला तुमी?"

"ऐक. दादाला त्या पिक्चरमधली सगळ्यात कोण पटली होती, ठाऊक हाय? खाणीपाशी उभी राहून काहीच न बोलणारी बाई. तो म्हणायचा, ती बोलूच शकत न्हाई. मी भांडले तिच्यावरून, तर मला गप बस म्हणाला."

मागं लेकरू कुरकुरत होतं.

"कंदील नबीभाईला नेऊन दे," मी म्हणाले. "उत्तमभाऊला संगं घेऊन जा. जे झालं ते सांग. गाव काय म्हणायचं ते म्हणंल. कोणी जास्त बोललं तर सांग, संजूच्या बहिणीला फोन लावा."

"तुमी माझ्यावर रागावल्या न्हाईत?"

"रागावले," मी म्हणाले. "पण तो राग आता तुझ्यावर न्हाई."

आज सकाळी मशीनवर जायच्या आधी नबीभाईचा फोन आला. म्हणाला, "कंदील आया, बहन. गाडीला बांधलेली सुतळी अजून त्याला हाय. माझीच गाठ हाय." मग, "म्हंजे त्यानं बघितलं व्हतं?"

"व्हय."

"विझलेला?"

"व्हय, नबीभाई."

"साला," तो म्हणाला, आणि लेकरासारखा रडायला लागला. तुझ्या मरणानंतर तो पहिल्यांदा रडला म्हणे. त्याची बायको मागून सांगत होती, रडू द्या त्यांला, फोन ठेवू नका. मी ठेवला नाही. कामावर उशीर झाला, बोलणी खाल्ली.

त्याचा धंदा सुरू होईल की नाही, मला माहीत नाही. लताला लोक काय बोलतील, तेही नाही. आई अजून तुझं ताट काढते. दुसरा भाग मी बघणार नाही. बघून कोणाला सांगू, काय पटलं नि काय नाही?

आता सुट्टी झालीय. लॉकर उघडलाय. सवयीनं आधी मोबाइल बघितला. बाकीच्या पोरी निघाल्या, मला हाका मारून राहिल्यात. ठाऊक असून उतरला तर घरच्यांनी चपलेनं हाणावं, असं तू म्हणाला होतास. मी कधीची चप्पल हातात घेऊन उभी आहे, दादा.